कच्छमधील जुरासिक ब्रॅकिओपॉडांचे वर्णन आणि वर्गीकरण: बाह्यरूपावरून कुठपर्यंत जाता येते?

भूस्तर_पुणे (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी पुण्यात भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून लघुप्रबंधासाठी मला कच्छमधील जुमारा डोमच्या ब्रॅकिओपॉड (दोन झडपांच्या कवचाचे सागरी प्राणी) जीवाश्मांचे वर्णन करायचे आहे. माझ्याकडचे नमुने दोन प्रकारचे आहेत. काही आम्ही विभागाच्या क्षेत्रभेटीत स्वतः गोळा केले असून ते कोणत्या थरातून आले याची नोंद आमच्याकडे आहे. उरलेले विभागाच्या जुन्या कपाटातील असून त्यांच्यासोबतच्या चिठ्ठ्यांवर ‘टेरेब्रॅट्युला, चारी’ किंवा ‘ऱ्हिंकोनेला, कच्छ’ एवढेच लिहिलेले आहे.

ढोबळ वाटणी मला करता आली. गुळगुळीत पृष्ठभागाचे, लांबट किंवा वाटोळे आणि चोचीच्या टोकाला ठळक छिद्र असलेले नमुने एका बाजूला ठेवले; टोकदार चोचीचे, त्रिकोणी आकाराचे आणि ठसठशीत कंगोरे असलेले दुसऱ्या बाजूला. अडचण यापुढे सुरू होते. किचिन यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या कच्छच्या ब्रॅकिओपॉडांवरील ग्रंथातील चित्रफलक समोर ठेवले की एकच नमुना दोन-तीन वेगवेगळ्या जातींच्या चित्रांशी सारखाच जुळतो. उलट एकाच थरातील दोन नमुने शेजारी ठेवले तर ते खुशाल दोन जाती वाटतात, पण त्या थरातील सगळे नमुने रांगेत मांडले की मधल्या सगळ्या पायऱ्या भरून निघतात आणि सीमा कुठे आखावी हेच कळेनासे होते.

एका वरिष्ठ विद्यार्थ्याचे म्हणणे असे की नमुने कापून आतली रचना पाहिल्याशिवाय प्रजातीचे (जातीच्या वरच्या पायरीचे, म्हणजे जीनसचे) नाव लिहूच नये. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की आधी बाह्यवर्णन नीट करावे, कापण्याचा विचार नंतर. वर्णन कोणत्या क्रमाने लिहावे, बाह्यरूपाच्या आधारे वर्गीकरणात कोणत्या पायरीपर्यंत विश्वासाने जाता येते, ज्या प्रकाराचे मोजकेच नमुने आहेत त्यांचे काय करावे आणि चिठ्ठीवरील जुन्या नावांना कितपत किंमत द्यावी, या बाबतीत जाणकारांचे मत हवे आहे.

अश्मक

आपले मार्गदर्शक आणि आपला वरिष्ठ मित्र या दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे. फक्त दोघे वेगवेगळ्या पायरीबद्दल बोलत आहेत.

आपण केलेली पहिली वाटणी गणाच्या पातळीवर बरोबर आहे, आणि ती बाह्यरूपावरून विश्वासाने करता येते. जुरासिक काळापर्यंत ब्रॅकिओपॉडांचे वैविध्य पुराजीव महाकल्पाच्या तुलनेत फार घटलेले होते. स्पिरिफेरिनिड गट प्रारंभिक जुरासिकच्या टोआर्सियन काळात संपला, त्यामुळे जुमाऱ्यातील मध्य आणि उत्तर जुरासिक थरांत आपल्याला मुख्यतः ऱ्हिंकोनेलिडा आणि टेरेब्रॅट्युलिडा या दोनच गणांशी काम आहे. या दोहोंमधला भेद कंगोऱ्यांच्या आधारे मात्र करू नका, कारण कंगोरे असलेले टेरेब्रॅट्युलिड असतात आणि जवळजवळ गुळगुळीत ऱ्हिंकोनेलिडही असतात. चोच पाहा. टेरेब्रॅट्युलिडांमध्ये पेडिकल झडपेची (छिद्राची चोच असलेली झडप ती पेडिकल, दुसरी ब्रॅकिअल) चोच टोकाशी कापल्यासारखी असून छिद्र, म्हणजे फोरामेन, मोठे आणि त्या टोकावरच असते. ऱ्हिंकोनेलिडांमध्ये चोच टोकदार राहते आणि लहानसे फोरामेन तिच्या खालच्या अंगाला असते. याखेरीज कवचाची जडणघडण पाहावी: झिजलेला भाग ओला करून दहापट भिंगाखाली धरला तर टेरेब्रॅट्युलिडांच्या कवचात अत्यंत बारीक, दाट टोचे (सूक्ष्म छिद्रे) दिसतात, ऱ्हिंकोनेलिडांच्या कवचात सहसा ते नसतात. चोच तुटलेल्या नमुन्यांच्या बाबतीत ही दुसरी खूण फार उपयोगी पडते.

एक प्राथमिक गोष्ट आपल्याला ठाऊक असेलच, पण जुन्या कपाटातील ढिगात शिंपल्यांचीही सरमिसळ असते म्हणून लिहितो. शिंपल्याच्या दोन झडपा सहसा एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात आणि प्रत्येक झडप स्वतःत असममित असते. ब्रॅकिओपॉडात याच्या उलट: दोन्ही झडपा आकाराने वेगळ्या, पण प्रत्येकीच्या मधून काढलेली रेषा तिचे दोन सारखे भाग करते. अपवाद आहेत. इंग्लंडमधील किमरिजियन काळाच्या तळाशी सापडणाऱ्या टॉर्क्विऱ्हिंकिया या ऱ्हिंकोनेलिडाची पुढची कड जन्मजात एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असते. म्हणून वाकडा नमुना दिसला की तो गाळाच्या भाराने दबला आहे की मुळातच तसा आहे, हे त्याच थरातील इतर नमुन्यांशी ताडून ठरवावे. दबलेला नमुना मोजमापांतून वगळावा, पण वर्णनात त्याचा उल्लेख ठेवावा.

आता क्रम. आधी संपूर्ण कवच, मग चोचीकडचा भाग, मग पृष्ठभाग, मग पुढची कड आणि शेवटी अंतर्रचना, असा क्रम बहुतेक लेखक पाळतात आणि तो आपणही पाळावा, कारण वाचणाऱ्याला आपले वर्णन दुसऱ्याच्या वर्णनाशी ओळीला ओळ लावून पाहता आले पाहिजे. संपूर्ण कवचाबद्दल लिहिताना लांबी, रुंदी आणि जाडी व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरच्या दशांशापर्यंत घ्यावी, सर्वाधिक रुंदी चोचीपासून किती अंतरावर पडते ते नोंदवावे आणि दोन झडपांपैकी कोणती अधिक फुगीर आहे ते सांगावे. ‘मध्यम आकाराचे’, ‘बऱ्यापैकी फुगीर’ असे शब्द आकड्यांखेरीज वापरू नयेत. चोचीच्या वर्णनात ती सरळ, उभी की ब्रॅकिअल झडपेवर वाकलेली, तिच्या दोन्ही बाजूंच्या कडा धारदार की बोथट, फोरामेनचा आकार आणि जागा, आणि त्याच्या खालच्या डेल्टिडिअल पट्ट्या दिसतात की झाकल्या गेल्या आहेत, एवढे तरी यायलाच हवे. हा भाग मातीखाली लपलेला असतो आणि विद्यार्थी तो साफ न करताच वर्णन लिहितात. पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने आणि सुईने हळूहळू साफ करावा. आम्ल वापरू नये. कवच कॅल्साइटचे आहे, मातीआधी तेच विरघळेल.

कंगोऱ्यांची संख्या मोजताना कुठे मोजली हे लिहिणे संख्येइतकेच महत्त्वाचे आहे, कारण काही जातींत कंगोरे चोचीपासून कडेपर्यंत तेवढेच राहतात, तर काहींत मध्येच दुभंगतात किंवा दोन कंगोऱ्यांच्या मध्ये नवा कंगोरा उगवतो. मधल्या उंचवट्यावरील कंगोरे आणि बाजूचे कंगोरे वेगवेगळे मोजावेत.

मला सर्वाधिक लिहायचे आहे ते पुढच्या कडेबद्दल, कारण आपली सीमा न सापडण्याची अडचण बहुधा तिथेच आहे. दोन झडपा जिथे मिळतात त्या रेषेला कमिशर म्हणतात. ब्रॅकिअल झडप वर धरून नमुना समोरून पाहिला तर ही रेषा काही नमुन्यांत सपाट असते. काहींत मध्यभागी एकच कमान होऊन वर चढते, त्या स्थितीला युनिप्लिकेट म्हणतात. आणि काहींत ती कमान मध्यभागी पुन्हा खाली दबून दोन शिखरे तयार होतात, ती सल्सिप्लिकेट स्थिती. कच्छमधील टेरेब्रॅट्युलिडांत ही शेवटची स्थिती वारंवार दिसते. चित्रफलकावर या तीन स्थिती तीन वेगळ्या जातींसारख्या दिसतात. परंतु असे एकेक कवच वाढताना क्रमाने या तिन्ही स्थितींतून जाते: पिल्लाची कड सपाट, अर्धवट वाढलेल्याची एककमानी आणि प्रौढाची दुशिखरी. म्हणजे आपल्या रांगेतल्या ‘मधल्या पायऱ्या’ या निरनिराळ्या वयाच्या व्यक्ती असू शकतात.

याची शहानिशा करण्यासाठी पिल्लेच सापडली पाहिजेत असे नाही. प्रौढ कवचावर वाढीच्या रेषा असतात आणि प्रत्येक रेषा म्हणजे त्या वयातली कवचाची कड असते. दहा मिलिमीटर लांबीच्या जागची वाढरेषा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत शोधून काढा, तिचे वळण पाहा आणि त्याच लांबीच्या लहान नमुन्याच्या कडेशी ताडून पाहा. जुळले तर दोघे एकाच वाढक्रमातले असण्याचा संभव मोठा. न जुळल्यास, म्हणजे समान लांबीला एकाची कड सपाटच असून दुसऱ्याची कमान भरात आलेली असेल, तर आपल्यासमोर खरोखरच दोन गट आहेत. लांबी आणि रुंदी, तसेच लांबी आणि जाडी यांचे आलेख थरनिहाय काढावेत. सगळ्या थरांचे ठिपके एकाच आलेखात ओतू नयेत.

तर बाह्यरूपावरून गण निश्चित, कुळाचा अंदाज आणि एका थरातील गटांची वाटणी, इतके विश्वासाने करता येते. प्रजातीचे नाव त्यापुढचे.

चुनखडी

अश्मक यांनी प्रजातीच्या उंबरठ्यावर आणून सोडले आहे, तिथून पुढे मी सुरुवात करतो.

मेसोझोइक ब्रॅकिओपॉडांत बाह्यसाम्याने फसवणूक होते. सारख्या परिस्थितीत राहणारे, पण निराळ्या वंशांतले प्राणी बाहेरून जवळजवळ एकरूप होतात. एस. एस. बकमन यांनी जुरासिक ब्रॅकिओपॉडांतील या गोष्टीवर १९०१ सालीच लिहिले होते. त्यांनी स्वतः कवच तापवून सोलून काढण्याची आणि आतल्या साच्यावरील स्नायूंच्या खुणा पाहण्याची पद्धत वापरली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील हेलन म्युर-वुड यांनी १९३४ साली मेसोझोइक ब्रॅकिओपॉडांच्या अंतर्रचनेवर जे काम प्रसिद्ध केले त्यानंतर मालिकाछेद घेणे, म्हणजे नमुना थोडा थोडा घासत एकामागून एक छेद पाहणे, हीच रूढ पद्धत झाली. ऱ्हिंकोनेलिडांत क्रुरा, म्हणजे ब्रॅकिअल झडपेच्या बिजागरापासून आत येणारे दोन कॅल्साइटी आधार, कोणत्या आकाराचे आहेत, मधला पडदा आहे की नाही आणि दातांच्या पट्ट्या कशा आहेत, यांवर प्रजाती ठरते. टेरेब्रॅट्युलिडांत त्या क्रुरांपासून पुढे तयार होणारा लूप आखूड आहे की लांब, हा भेद तर थेट उपगण ठरवतो. यांपैकी काहीही बाहेरून दिसत नाही.

पद्धत थोडक्यात अशी. ज्या नमुन्याचा बळी द्यायचा त्याची सर्व मोजमापे घ्यावीत, अमोनियम क्लोराइडचा पातळ पांढरा थर देऊन ब्रॅकिअल बाजूने, पेडिकल बाजूने, कडेने आणि समोरून छायाचित्रे काढावीत आणि प्लास्टर किंवा रेझिनमध्ये त्याची प्रतिकृती करून ठेवावी. मग नमुना रेझिनमध्ये असा बसवावा की घासण्याची पातळी सममितीच्या पातळीला काटकोनात राहील. चोचीच्या टोकापासून सुरुवात करून दर ०·१ किंवा ०·२ मिलिमीटरला थांबावे, पृष्ठभाग बारीक पूड वापरून गुळगुळीत करावा, अत्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद बुडवून धुवावा, वाळल्यावर त्यावर अ‍ॅसिटोन पसरून अ‍ॅसिटेटचा पातळ कागद बसवावा आणि सुकल्यावर सोलून घ्यावा. त्या सालपटावर छेदाचा ठसा उमटतो. प्रत्येक सालपटावर चोचीपासूनचे अंतर त्याच क्षणी लिहावे. ‘नंतर लिहू’ म्हटलेली सालपटे कोणत्या क्रमाने लावायची हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

दोन इशारे देतो. घासण्याची पातळी काही अंश कलली तर त्याच क्रुरांचा आकार छेदात निराळा दिसतो आणि दोन लेखकांच्या आकृत्या जुळत नाहीत म्हणून दोन प्रजाती मानल्या जातात. म्हणून पातळी कशी ठरवली ते वर्णनात लिहावे. दुसरे असे की कच्छच्या चुनखडीतील अनेक कवचांच्या पोकळीत कॅल्साइटचे मोठे स्फटिक वाढलेले असतात आणि त्यांत नाजूक लूप पार नाहीसा झालेला असतो. गाळाने भरलेले कवच निवडल्यास छेद स्वच्छ मिळतो. ते ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे आधी तुटक्या नमुन्यांकडे पाहणे, त्यांत त्या थरातील भरणा कशाचा आहे ते दिसते. क्ष-किरण सीटी तपासणीची सोय असली तरी कॅल्साइटच्या कवचात कॅल्साइटचाच भरणा असेल तर दोहोंत पुरेसा फरक उमटत नाही, तेव्हा तिच्यावर फार भिस्त ठेवू नका.

ज्या प्रकाराचे दोन-तीनच नमुने आहेत त्यातला एकही कापू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे वर्णन खुल्या नामपद्धतीने करावे. प्रजातीचीच शंका असेल तर तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. जात पुष्कळशी जुळते पण खात्री नाही, तर मध्ये ‘सीएफ.’, जवळची आहे पण बहुधा निराळी, तर ‘अ‍ॅफ.’, आणि एवढेही सांगता येत नसेल तर केवळ ‘प्रजाती, जात अनिश्चित’. परीक्षकांना हे अपुरे वाटेल या भीतीने विद्यार्थी पूर्ण नाव लिहितात. मी परीक्षक असतो तर त्या पूर्ण नावालाच हरकत घेतली असती.

दगडफूल

चुनखडी यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका बाबतीत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्येक प्रकार कापलाच पाहिजे असे मला वाटत नाही. जुमारा हे नव्याने शोधले जाणारे ठिकाण नाही. तिथल्या काही प्रजातींची नमुना-जात (जिच्यावर प्रजातीचे नाव उभे असते ती जात) मुळात कच्छमधलीच आहे आणि त्यांच्या अंतर्रचनेच्या आकृत्या प्रसिद्ध झालेल्या आहेत. आपला नमुना त्याच भागातला, त्याच थरातला आणि बाह्यरूपाने सर्व वाढटप्प्यांवर जुळणारा असेल, तर प्रसिद्ध आकृतीचा आधार घेऊन नाव देणे यात मला गैर दिसत नाही. मात्र अंतर्रचना स्वतः पाहिलेली नाही असे त्या वर्णनात एका वाक्यात नमूद केलेले असावे.

आता जुन्या नावांविषयी. चिठ्ठ्यांवरील ‘टेरेब्रॅट्युला’ आणि ‘ऱ्हिंकोनेला’ ही नावे एकोणिसाव्या शतकातील व्यापक अर्थाने लिहिलेली आहेत, त्यांचा अर्थ ‘अमुक गणातला कोणीतरी’ एवढाच घ्यावा. काटेकोर अर्थाने टेरेब्रॅट्युला ही प्रजाती इटलीतील प्लायोसीन काळातील जातीवर उभी आहे आणि ऱ्हिंकोनेलाची नमुना-जात रशियात मॉस्कोजवळच्या जुरासिकच्या अगदी शेवटच्या काळातली आहे. किचिन यांनीही १९०० साली तीच व्यापक नावे वापरली होती, आणि त्यांच्या काळात ते रास्तच होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या मालिकेत त्यांचा ग्रंथ आला. पुढे १९०३ साली कच्छच्या ट्रायगोनिया या शिंपल्यांवरही त्यांनी त्याच मालिकेत लिहिले. त्यांच्या जातींची वर्णने आजही उपयोगी आहेत, कारण त्यांनी एकेका जातीतील फरक दाखवण्यासाठी अनेक नमुन्यांची चित्रे दिली. आपला एक नमुना अनेक चित्रांशी जुळतो याचे एक कारण हेही असू शकते.

या जातींच्या प्रजाती बदलल्या त्या बकमन यांच्या १९१८ सालच्या ग्रंथात, आणि तो ग्रंथ गंमत म्हणजे कच्छवर नसून ब्रह्मदेशातील उत्तर शान प्रांताच्या नामयाउ थरांवर आहे. त्यात त्यांनी बर्मिऱ्हिंकिया ही प्रजाती तर स्थापन केलीच, शिवाय तुलनेसाठी घेतलेल्या कच्छच्या जातींवरून कच्छिथायरिस आणि कच्छिऱ्हिंकिया या प्रजातीही स्थापन केल्या. कच्छिथायरिसची नमुना-जात म्हणजे किचिन यांची ‘टेरेब्रॅट्युला अ‍ॅक्युटिप्लिकाटा’ आणि कच्छिऱ्हिंकियाची नमुना-जात म्हणजे त्यांचीच ‘ऱ्हिंकोनेला कच्छेन्सिस’. त्यामुळे आज लिहिताना नाव ‘कच्छिथायरिस अ‍ॅक्युटिप्लिकाटा (किचिन, १९००)’ असे येते. मूळ लेखकाचे नाव कंसात जाते, कारण जात त्याची असली तरी प्रजाती पुढे बदलली आहे. हा कंस गाळणे किंवा नको तिथे घालणे ही लघुप्रबंधांत हमखास आढळणारी चूक आहे. आणि हो, इंग्लंडमधील ग्रेट ऊलाइटच्या काळातील एक परिचित ऱ्हिंकोनेलिडही ‘कच्छिऱ्हिंकिया ऑब्सोलेटा’ या नावाने ओळखला जातो, म्हणजे तिकडच्या संग्राहकांच्या पेटीत कच्छचे नाव कित्येक दशके मुकाट नांदते आहे.

बकमन यांच्याबद्दल एक सावधगिरी बाळगावी. ते अतिशय बारीक विभाजन करणारे लेखक होते. त्यांनी स्थापलेल्या काही प्रजाती टिकल्या, काही पुढे इतरांत विलीन झाल्या. म्हणून नाव स्वीकारताना ते १९१८ साली दिले गेले एवढ्यावर न थांबता, ब्रॅकिओपॉडांवरील ‘ट्रीटाइज’ या संदर्भग्रंथाच्या १९९७ ते २००७ या काळात निघालेल्या सुधारित खंडांत त्याची आजची स्थिती काय आहे ते पाहावे. १९६५ सालची आवृत्ती वापरणार असाल तर हेही लक्षात घ्या की तीत ब्रॅकिओपॉड या प्राणिसंघाची वाटणी ‘आर्टिक्युलेटा’ आणि ‘इनआर्टिक्युलेटा’ अशी आहे. १९९६ सालापासून त्या जागी तीन उपसंघ मानले जातात आणि आपले सर्व नमुने त्यांपैकी ऱ्हिंकोनेलिफॉर्मिया या उपसंघात बसतात.

समानार्थी नावांची यादी करताना आधीच्या प्रत्येक लेखकाचा नमुना आपण चित्रावरून मान्य करतो आहोत की प्रत्यक्ष पाहून, हे वेगळे दाखवावे. जुन्या ग्रंथांत बहुधा एकच नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडलेला नसतो. चित्रित केलेले सगळे नमुने सारख्याच दर्जाचे असतात आणि पुढे कोणीतरी त्यांतून एक ‘लेक्टोटाइप’ निवडतो. तशी निवड झाली असेल तर जातीचे नाव त्या एकाच नमुन्याला बांधलेले असते. आपल्या रांगेतला कोणता टप्पा त्या नमुन्याजवळ पडतो, हे पाहिल्याशिवाय इतर चित्रांशी जुळवाजुळव करण्यात वेळ घालवू नये.

भूस्तर_पुणे

इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. वाढरेषांचे अश्मक यांनी सांगितलेले तंत्र काही नमुन्यांवर वापरून पाहिले. एका थरातील टेरेब्रॅट्युलिडांत ज्यांना मी तीन गट समजत होतो त्यांपैकी दोन एकाच वाढक्रमात बसतात असे दिसते. तिसरा मात्र बारा मिलिमीटर लांबीलाच दुशिखरी झालेला आहे आणि त्याची चोचही अधिक वाकलेली आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आमच्या नोंदीतले काही नमुने ढोसा ऊलाइटच्या अगदी माथ्यावरून घेतलेले असून त्यांत गुळगुळीत झिजलेले आणि ताजे दिसणारे असे दोन्ही प्रकार आहेत. ते एकत्र घ्यावेत का? आणि ज्या चिठ्ठ्यांवर फक्त ‘चारी’ लिहिले आहे, त्या नमुन्यांचा थर मागाहून ठरवण्याची काही वाट आहे का?

सिरोंचाकर

मुख्य प्रश्नाला उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही, पण शंका आहे. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा भागातही जुरासिक खडक आहेत असे वाचले आहे. तिथे असे जीवाश्म मिळतील का?

अश्मक

सिरोंचाकर, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील कोटा या खडकसंघाचे (फॉर्मेशनचे) खडक जुरासिक काळातले आहेत हे खरे, आणि डायनोसॉर व गोड्या पाण्यातील मासे यांच्या जीवाश्मांसाठी ते प्रसिद्धही आहेत. पण ते नद्या आणि तळी यांच्या गाळाचे खडक आहेत. ब्रॅकिओपॉड हे सर्वस्वी सागरी प्राणी असल्यामुळे तिथे ते मिळणार नाहीत. महाराष्ट्राच्या उर्वरित पुष्कळ भागावर दख्खनचा बेसाल्ट पसरलेला आहे, त्यामुळे सागरी जुरासिक पाहायचे तर आपल्याला कच्छ किंवा जैसलमेर गाठावे लागते.

भूस्तर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ढोसा ऊलाइट हा चारी या खडकसंघाच्या माथ्यावरचा ऑक्सफर्डियन काळातील भाग, आणि त्याच्याही माथ्याला जो गोटेयुक्त थर आहे तो अत्यंत संथ गाळभरणीच्या काळात तयार झाला आहे. समुद्रतळ पुन्हा पुन्हा उकरला गेला आणि आधी पुरलेले जीवाश्म बाहेर पडून नव्यांत मिसळले. म्हणून झिजलेले, छिद्रे पाडलेले, लोहाचे पुट चढलेले किंवा आतला भरणा बाहेरच्या खडकाहून निराळा असलेले नमुने वेगळ्या पुडीत ठेवावेत. दोन्ही झडपा जोडलेल्या आहेत एवढ्यावरून नमुना ताजा मानू नका. ऱ्हिंकोनेलिडांचे दात-खाचांचे बिजागर इतके घट्ट असते की उकरले गेल्यावरही झडपा सहज सुटत नाहीत. या थराच्या जोरावर कोणत्याही जातीचा कालविस्तार वाढवून लिहू नये.

आपल्या तिसऱ्या गटाबद्दल: लहान वयातच दुशिखरी होणे आणि चोचीचे वाकणे ही दोन लक्षणे एकत्र येत असतील तर तो निराळा मानण्यास बाह्यरूपाचा आधार पुरेसा आहे. त्याचे नमुने पुरेसे असल्यास पहिला छेद त्याचाच घ्या आणि दुसरा उरलेल्या दोहोंतून घ्या.

चुनखडी

‘चारी’ चिठ्ठीच्या नमुन्यांबद्दल. वागेन यांनी १८७० च्या दशकात कच्छच्या जुरासिकचे पच्छम, चारी, कटरोल आणि उमिया असे चार भाग केले. त्यांपैकी चारी हा एकटाच भाग कॅलोव्हियनपासून ऑक्सफर्डियनपर्यंत, म्हणजे साधारण साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीपासून पुढची काही दशलक्ष वर्षे व्यापतो, त्यामुळे चिठ्ठीवरून जातीच्या पातळीचे काही सांगणे कठीण. परंतु कवचाला चिकटलेला खडक बोलतो. फुटक्या नमुन्यातील भरण्याचा पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: लोहयुक्त ऊलाइटचे गोलक आहेत, पांढरट चुनखडीचा चिखल आहे की मातकट शेल आहे, हे कळले तर जुमाऱ्यातील नोंद असलेल्या आपल्या थरांशी तो ताडता येईल. कोणा नमुन्याला अमोनाइटचा तुकडा चिकटलेला असेल तर तो आधी तज्ज्ञाला दाखवा, कारण कच्छचे कालमापन मुख्यतः अमोनाइटांवरच उभे आहे.

हे सर्व करूनही थर न ठरल्यास असे नमुने मोजमापांच्या आलेखात घेऊ नका. मात्र कापण्यासाठी तेच वापरा. थराची नोंद नसल्यामुळे त्यांचे इतर मोल कमीच झालेले आहे, आणि छेद घेण्याचा हात त्यांच्यावर बसला की नोंद असलेल्या नमुन्यांकडे वळता येईल. अर्थात विभागाच्या संग्रहातील नमुना कापण्यापूर्वी लेखी परवानगी घ्या, संग्रहक्रमांक सालपटांवर आणि प्रतिकृतीवर लिहा आणि दोन्ही वस्तू चिठ्ठीसकट त्याच कपाटात परत ठेवा.